समुद्र विकत आणणारी डॉक्टरीण

रत्नागिरीत राहून समुद्र विकत आणणारी बाई मी एकच पाहिली. दवाखान्याच्या मागच्या गॅलरीत उभं राहिलं की मांडवीचा समुद्र फुकटात दिसायचा, आणि त्याच गॅलरीत आमच्या बाई निळ्या पिंपात गाळलेलं पाणी घेऊन त्यात मुंबईहून पार्सलनं आलेलं मीठ ढवळत बसलेल्या असायच्या. स्वयंपाकाचं मीठ नव्हे, समुद्राचं पाणी तयार करायचं खास मीठ. ढवळायला तुटक्या वल्ह्याचा एक तुकडा होता. ढवळून झालं की त्यातला एक थेंब छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर घ्यायचा, ते डोळ्याला लावून खारटपणा बघायचा आणि मान हलवून म्हणायचं, "अजून समुद्र झाला नाही."

बाई दातांच्या डॉक्टर. गावात त्यांना आडनावानं कुणी ओळखत नसे. 'टाकीवाली डॉक्टरीण' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात नेऊन सोडायचा. माझा धंदा खोट्या दातांचा. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून मी माझ्या खोलीत बसून कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनवतो. मूळचा मी चिपळूणचा, पण धंद्याच्या निमित्तानं इथं आलो आणि बाईंच्या दवाखान्यामागच्याच गल्लीत जागा घेतली. त्यांचं काम करायचं म्हणजे सत्त्वपरीक्षा होती. टोपी केसभर वाकडी बसली तरी परत यायची, आणि सोबत निरोप यायचा, "हा दात कुणाचा आहे? माझ्या पेशंटचा नक्की नाही."

ती टाकी पेशंट बसतात त्या खोलीत होती. भिंतीच्या अर्ध्या लांबीची. आत दगडांचा ढीग आणि त्या दगडांवर जांभळी, हिरवी, शेंदरी अशी बटणं उमललेली. दाढ धरून कण्हत आलेला माणूस टाकीसमोर बसला की हळूहळू गप्प व्हायचा आणि आत बोलावलं की म्हणायचा, "जाऊ दे ना त्यांना आधी, मला काही घाई नाही." मासे फारसे नव्हतेच. मासे बघायला बाजारात जा, असं बाई सांगायच्या.

मासळी विकणारी यशोदा ही त्यांची जुनी पेशंट. तिला ती टाकी कधीच पटली नाही. एकदा मी टोप्यांचा डबा घेऊन बसलो होतो तेव्हा ती बाईंना म्हणाली, "अवो डॉक्टरीणबाय, दाराशी येवढा समुद्र हाय नि तुमी तो पेटीत भरून ठेवलाव? वर मीठ इकत आणताव?"

"तुझ्या समुद्रात होड्यांचं डिझेल आहे, खाडीचा गाळ आहे. पावसाळ्यात तर किनाऱ्याचं पाणी निम्मं गोडं होतं. माझ्या या जिवांना ते सोसत नाही गो."

"जीव कसले, फुलां हायेत ती."

"फुलं नव्हेत, प्राणी आहेत. प्रत्येकाला तोंड आहे."

यशोदा काचेला नाक लावून बघत राहिली. "तोंड हाय? नि दात?"

"दात नाहीत," बाई म्हणाल्या, "म्हणून तर सुखात आहेत."

मला एक खोड आहे. एखादी गोष्ट कशी केली असेल हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ते प्राणी दगडाला चिकटून होते, पण काही दगडांवर बटणांची ओळ इतकी नीट होती की ती आपोआप आलेली नाही, कुणीतरी बसवलेली आहे, हे माझ्या धंद्याच्या डोळ्याला लगेच कळलं. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "रविवारी सकाळी ये. हात धुऊन ये आणि प्रश्न घरी ठेवून ये." मी हात धुऊन गेलो. प्रश्न मात्र बरोबर नेले, आणि मग दर रविवारी जातच राहिलो.

ही सगळी मऊ जातीची प्रवाळं. समुद्रातल्या दगडी प्रवाळाला हात लावायला कायद्यानं बंदी आहे आणि बाई त्या बाबतीत कडक होत्या. त्यांच्याकडचं सगळं दुसऱ्या कुठल्या तरी हौशी माणसाच्या टाकीत वाढलेलं. वाढलेल्या गुच्छाचा एक तुकडा कापायचा, तो दुसऱ्या दगडावर बसवायचा, की तिथं नवा गुच्छ सुरू होतो. हौशी मंडळी त्याला फ्रॅग म्हणतात. बाई तुकडाच म्हणायच्या. कापताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात दवाखान्यातले हातमोजे, कारण त्या बटणांच्या रसात विष असतं. इतक्या गोड दिसणाऱ्या वस्तूत विष आहे म्हटल्यावर माझी उत्सुकता आणखीच वाढली.

"पंप बंद कर," हा पहिला हुकूम. पंप बंद झाला की टाकीतलं पाणी थबकायचं. मग बाई तुकड्याचा तळ कापसाच्या गॉझनं टिपून कोरडा करायच्या, बसवायच्या जागेवरचं शेवाळ जुन्या अवजारानं खरवडायच्या, दोन रंगांची पुट्टी मळून तिची वाटाण्याएवढी गोळी करायच्या. गोळीच्या खाली आणि वर दाट गोंदाचा एकेक ठिपका. मग तो सगळा ऐवज चिमट्यात धरून हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि दगडाला टेकवून अगदी थोडा पीळ. "नुसतं दाबायचं नाही. पाण्यात गोंदावर साय धरते, ती मोडायला पीळ द्यायचा." पाण्याखाली गोंद चिकटतो हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं आणि लहान पोरासारखं दोनदोनदा वाकून बघितलं. दाताला टोपी बसवतानाही बाई हेच म्हणायच्या, आधी खरखरीत करा, मग कोरडं करा, मग चिकटवा. फक्त तिथं पेशंटची लाळ आणि इथं अख्खा समुद्र.

बसवलेला तुकडा लगेच मिटून जायचा. मातकट, सुरकुतलेला, मेल्यासारखा. मला वाटायचं, गेला हा. बाई म्हणायच्या, "रुसलाय. त्याच्याकडे बघू नकोस, आणखी रुसेल." आणि स्वतः दर दोन पेशंटांमागे बाहेर येऊन चोरून बघून जायच्या. पुढे कधीतरी सकाळी एक बटण उघडलेलं दिसायचं, मग दुसरं. त्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवलं जायचं. दाराशी पेशंटांची नावं लिहून घेणारी लता तर ते कौतुक ऐकून ऐकून कंटाळली होती.

सगळ्यांनाच गोंद चालत नसे. छत्रीसारखी एक बुळबुळीत जात होती, ती काही केल्या चिकटायची नाही. अंगाला शेंबडासारखा चिकटा सोडायची आणि गोंदासकट निसटायची. तिच्यासाठी बाईंनी प्लास्टिकच्या वाटीत खडे भरले, त्यावर ती छत्री ठेवली आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधून वाटी टाकीच्या कोपऱ्यात ठेवून दिली. "काहींना चिकटवायला जायचं नाही, नुसतं सोबत ठेवायचं," त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी जाळी काढली तर छत्रीनं आपणहून एक खडा धरलेला होता. मग तो खडा उचलून दगडाला चिकटवला, काम झालं. मी घरी जाऊन बायकोला हे इतक्या उत्साहानं सांगितलं की तिनं विचारलं, "कवळ्यांचं काय झालं? त्या कोण करणार?"

बाई हट्टी होत्या, आणि त्यांच्या हट्टाचा एक पुरावा दवाखान्याच्या पायरीशी पडलेला असायचा. तो होता जांभ्या दगडाचा एक चिरा. झालं असं की टाकीसाठी लागणारा पांढरा भोकाभोकांचा दगड बाहेरून मागवावा लागतो. बाईंच्या वडिलांची एके काळी चिरेखाण होती. बाईंच्या डोक्यात आलं की अख्खी रत्नागिरी जांभ्यावर उभी आहे, घरं जांभ्याची, कुंपणाचे गडगे जांभ्याचे, हापूस जांभ्यावर होतो, मग या मूठभर जिवांना जांभा का चालू नये? भोकंही आयती आहेत धरायला. मी म्हटलं, "बाई, जांभा लाल असतो तो गंजानं. त्यात लोखंड आहे." तर म्हणाल्या, "तू टोप्या कर."

चिरा फोडून, धुऊन, भिजवून टाकीत गेला. सुरुवातीला तुकड्यांनी त्यावर अशी काही पकड घेतली की बाई महिनाभर माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघत होत्या. मग एके दिवशी काच हिरवी झाली. पुसली तर पुन्हा हिरवी. त्यानंतर तांबूस, बुळबुळीत गालिचा सगळ्या दगडांवर पसरला. लोखंडाचं खत मिळाल्यावर शेवाळ कशाला मागे राहील? बटणं एकेक करून मिटली आणि बरीच उघडलीच नाहीत. बाईंनी दवाखाना दुपारी बंद ठेवला आणि नवे कोरे टूथब्रश घेऊन एकेक तुकडा घासायला बसल्या. पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायची नळी त्यांनी शेवाळ ओढायला लावली होती. मी शेजारी बसून काहीच बोललो नाही, आणि ते मला किती जड गेलं हे माझं मलाच ठाऊक. संध्याकाळी त्यांनीच तो चिरा उचलून पायरीशी नेऊन टाकला. कुणी हुशारीचं कौतुक केलं की बाई त्या चिऱ्याकडे बोट दाखवायच्या.

आता दवाखान्यातल्या ड्रिलच्या मशीनबद्दल सांगतो. माझ्या लक्षात आलं होतं की काही आठवड्यांत बाईंकडून मापं येतात आणि काही आठवड्यांत एकदम थांबतात. विचारलं तर लता सांगायची, "मशीन बिघडलंय." पुढच्या आठवड्यात मशीन आपोआप बरं झालेलं असायचं. पुन्हा केव्हातरी बिघडायचं, आणि नेमकं सोमवारी सकाळी बिघडायचं. रविवारभर बंद असलेलं यंत्र सोमवारी बिघडतं कसं, हे मला काही केल्या कळेना. शेवटी मी हातखंब्याहून एक ओळखीचा मेकॅनिक पकडून आणला. त्यानं सगळं उघडलं, फिरवून बघितलं, तेल पुसलं आणि म्हणाला, "ह्याला काय धाड भरलीय? मस्त चाललाय की."

बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग मला आतल्या खोलीत नेलं आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. "बघ." अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बारीक थरथरत होतं. वाऱ्यानं पान हलावं तेवढंच. कुणाच्या नजरेतही येणार नाही, पण आमच्या धंद्यात तेवढं पुष्कळ झालं.

"कोल्हापूरला दाखवून आले. म्हणतात, मोठं काही नाही, वयाचं आहे. कमीजास्त होत राहील. पण माझ्या हातात फिरणारं ड्रिल असतं रे. लोक डोळे मिटून तोंड उघडतात."

"मग रविवारी ते तुकडे..."

"ती माझी परीक्षा आहे. तुकडा पहिल्या खेपेला जागेवर बसला तर सोमवारी ड्रिल हातात घ्यायचं. निसटला तर मशीन बिघडलं. तो आठवडा नुसती तपासणी आणि औषधं."

मी एवढे रविवार शेजारी उभा राहून पंप बंद-चालू करत होतो, आणि टाकीत काय चाललंय हे मला माहीत नव्हतं. बाईंचं सगळं आयुष्य त्या खुर्चीशेजारी उभं राहण्यात गेलं होतं. यजमान लवकर गेले, लेक नाशिकला दिली, पण दवाखाना एक दिवस विनाकारण बंद राहिला नव्हता. तो हातातून जातोय की राहतोय, हे त्या दर रविवारी एका चिमटीएवढ्या जिवाला विचारत होत्या. त्या दिवसापासून बटणं उमलली का याची मला फारशी उत्सुकता राहिली नाही. मी फक्त चिमट्याच्या टोकाकडे बघायचो आणि देवाचं नाव घ्यायचो.

अशातच यशोदाची मागची दाढ बिघडली. नस काढून टोपी बसवायची होती. टोपी मी करणार होतो. दोन गल्ल्या सोडून एक तरुण डॉक्टर नव्यानं आला होता, हात चांगला होता त्याचा, पण यशोदा ऐकेना. "हात लावायचा तर तुमीच लावा. दुसऱ्या कोनाच्या म्होरं मी तोंड उघडायची नाय." बाई म्हणाल्या, "सोमवारी ये."

त्या रविवारी बाईंनी मुद्दाम अवघड जागा निवडली. मागच्या कपारीच्या आत, वरून दगड आलेला, जिथं चिमटा तिरका घालावा लागतो. मी पंप बंद केला. बाईंनी तुकडा घेतला, आत उतरवला, टेकवला, पीळ दिला. बसला. पहिल्या खेपेला, सरळ, आमच्या टोपीसारखा. मी ओरडलोच, "बाई, जमलं! उद्या यशोदा!"

त्यांनी हात बाहेर काढला, चष्मा उतरवला आणि टॉवेलनं कोपर पुसत बसल्या. कोपरावर काचेच्या कडेचा लाल वण उठला होता.

"जमलं. पण कसं जमलं ते बघितलंस? डाव्या हातानं उजवा धरला. कोपर काचेवर रोवलं. श्वास कोंडला. यशोदाच्या तोंडात मी कुठं कोपर रोवू?"

मी म्हटलं, "पण निसटला नाही ना?"

"निसटला असता तर पुढच्या आठवड्यावर ढकललं असतं. निसटला नाही म्हणून कळलं, की मी आता परीक्षेत पास व्हायला शिकले. हात बरा झालेला नाही." त्यांनी टॉवेल घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "लताला सांग, आता मशीन दुरुस्त व्हायचं नाही. पंप चालू कर, जीव कोंडतील त्यांचे."

मी पंप चालू केला.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः यशोदाला घेऊन त्या तरुण डॉक्टरकडे गेल्या. दाताचा रंग जुळवायला मीही गेलो होतो. यशोदा खुर्चीत बसली खरी, पण तोंड घट्ट मिटून. बाई शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"तुमी जाताव की काय?"

"कुठं जातेय? इथंच बसलेय. आ कर."

यशोदानं बाईंचा उजवा हात दोन्ही हातांत आवळून धरला आणि तोंड उघडलं. काम संपेपर्यंत तिनं तो सोडला नाही. नंतर बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाय घाबरली होती रे. हात कसा थरथरत होता तिचा." मी मान डोलावली. तिला खरं सांगायचं काम माझं नव्हतं.

दवाखान्याची पाटी उतरली आणि टाकी बाईंच्या घरी पडवीत गेली. मला वाटलं होतं, आता रविवार संपले. पण बाई बोलावत राहिल्या, आणि आता त्या परीक्षेविना तुकडे लावू लागल्या. हात वाढत्या वयाबरोबर जास्तच हलायला लागला होता. पुट्टी भलतीकडे लागायची, गोंदाचे पांढरे ओघळ दगडावर राहायचे, तुकडा आडवा-तिडवा चिकटायचा. केसभर वाकडी टोपी परत पाठवणाऱ्या बाईंचं ते काम मला बघवायचं नाही. एकदा मी न राहवून एक तुकडा सरळ करायला हात घातला, तर त्यांनी मनगटावर चापट मारली.

"राहू दे. हे उजेडाकडे आपोआप वळतात. वाकडं लावलं तरी वर बघूनच वाढतात. दातांचं असं नव्हतं रे, दाताला सगळं मलाच करायला लागायचं."

आणि खरंच, काही महिन्यांनी त्या दगडावर कुठला तुकडा वाकडा लागला होता हे शोधून सापडेना.

गेल्या वर्षी लेक त्यांना न्यायला आली. एकटीनं राहणं आता जमण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या एका हौशी जोडप्यानं टाकी घेतली, ते दुपारी खोके घेऊन येणार होते. मी सकाळीच गेलो. बाई टाकीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, बाही वर करून. मला म्हणाल्या, "पंप बंद कर." मी म्हटलं, "आज काय लावायचंय?" त्या म्हणाल्या, "काही नाही. बंद तर कर."

पाणी थबकलं. पंप थांबला की बटणं हळूहळू मरगळतात, कारण वाहतं पाणीच त्यांना खाणं आणून देतं. बाईंनी उजवा हात पाण्यात सोडला आणि सगळ्यात मोठ्या गुच्छाजवळ नेऊन नुसता धरला, न टेकवता. हात थरथरत होता. लपवायचा, आवरायचा काहीही प्रयत्न न करता, त्याला हवा तेवढा. त्यानं पाणी हलत होतं, आणि त्या हातापुढची बटणं तशीच उघडी होती, त्यांचे बारीक केस इकडून तिकडे डुलत होते.

"बघ," बाई म्हणाल्या, "यांना मी लाट वाटतेय."

लेकीनं आतून दोनदा हाक मारली. बाईंनी हात काढला नाही, आणि मीही पंपाच्या बटणाला हात लावला नाही.